जुना नमुना घेऊन जा: कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खरेदीबद्दल

पेचकस

छोट्या दुकानांचं कौतुक निघालं की गाडी लगेच आपुलकी, ओळखपाळख, चौकशी या वळणावर जाते. ते असतंच. पण तिथलं खरं सुख मला वेगळ्या गोष्टीत दिसतं. लागतं तेच मिळतं आणि लागतं तेवढंच मिळतं. एक वॉशर हवा तर एक वॉशर. मोठ्या दालनात तोच दहाच्या पाकिटात, आणि दहातला एकही बसेल याची हमी नाही.

हे सुख आयतं मात्र पदरात पडत नाही, मागायचं कसं ते ठाऊक असावं लागतं. 'नळातला तो गोल रबर द्या' म्हटलं की दुकानदार चार प्रश्न विचारणार, त्या चारांची उत्तरं घरी नळात बसलेली असणार, आणि दुसरी खेप ठरलेली. म्हणून हा धागा. हार्डवेअर, विजेचं सामान, शिवणसामान, घड्याळ, स्टेशनरी, ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यातलं लिहा. किस्से नकोत, माहिती हवी. किश्श्यांना वेगळा धागा काढू.

सुरुवात टपकणाऱ्या नळापासून करतो.

आधी मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून आत उरलेलं पाणी वाहून जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, कारण मुठीचा स्क्रू नेमका तिथेच पडतो. मूठ काढली की पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा दांडा, उलटा फिरवून बाहेर काढायचा. त्याच्या बुडाशी वॉशर असतो. आता महत्त्वाचं: नुसता वॉशर नेऊ नका, अख्खा स्पिंडल न्या. वापरून वापरून वॉशर चपटा झालेला, कडेने पसरलेला असतो. त्याच्या मापाने नवा घेतला तर तो हमखास मोठा येतो. खरं माप सांगते ती वॉशर बसायची धातूची वाटी. दुकानदार बरणीतून दोन-तीन वॉशर काढून त्या वाटीत बसवून बघतो, आणि जो कडेला न घासता सपाट बसतो तो देतो. शिवाय मूठही बदलायची असेल तर स्पिंडलच्या डोक्यावरचे दाते त्याला मोजता येतात. एकाच्या वीस दात्यांची मूठ दुसऱ्याच्या चोवीस दात्यांवर बसत नाही, आणि लांबून पाहून हा फरक कळत नाही.

नवा वॉशर घालूनही टपकत असेल तर दोष सीटचा, म्हणजे वॉशर जिच्यावर दाबला जातो त्या आतल्या कडेचा. नळाच्या आत बोट फिरवून पाहा. कड खडबडीत किंवा खाच पडलेली लागली तर कितीही वॉशर बदला, पाणी येणारच. सीट घासायचं एक छोटं हत्यार मिळतं, काही दुकानदार ते तासाभरासाठी देतातही. विचारायला लाजू नका.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतोच, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. गरम आणि थंड बाजूची कार्ट्रिजं बऱ्याचदा उलटसुलट फिरणारी असतात, तेव्हा कोणत्या बाजूचं आहे ते सांगा. एका दांडीच्या मिक्सरमध्ये बहुधा ३५ किंवा ४० मिमी व्यासाचं असतं. तेही काढूनच न्या. बुडाच्या खुंट्या आणि भोकं जुळावी लागतात.

---

काटाकोर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. स्पिंडल नेण्याला पूर्ण अनुमोदन.

आट्यांबद्दल भर घालतो, कारण सर्वांत जास्त वस्तू परत येतात त्या आट्यांमुळे. 'अर्धा इंच' म्हणतात त्या पाइपाच्या आट्यांवर पट्टी ठेवली तर ती दाखवते सुमारे २१ मिमी, म्हणजे जवळजवळ पाऊण इंच. मग लोक पाऊण इंची सांधा घेऊन जातात आणि तो ढळढळीत मोठा निघतो. पाइपाच्या मापाचं नाव पडलंय ते जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून, बाहेरच्या जाडीवरून नाही. लक्षात ठेवायला:

बाहेरून २१ मिमी = अर्धा इंच
२६.४ मिमी = पाऊण इंच
३३.२ मिमी = एक इंच

ही ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांची मापं. अमेरिकी पद्धतीचा अर्धा इंचही इंचाला १४ आट्यांचाच असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत दोनचार फेरे छान जातात आणि माणूस फसतो. पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेप कितीही गुंडाळा, आज ना उद्या झिरपणार. बाहेरून आयात केलेला शॉवर किंवा गाळणी जोडताना हे पहिलं तपासा.

टेफ्लॉन टेपची दिशा: आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचं. उलटं गुंडाळलं तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. पातळ टेप असेल तर चार ते सहा वेढे, ताणून, आणि तोंडाचा पहिला आटा मोकळा सोडून. नाहीतर टेपचा तुकडा आत सुटतो आणि पुढच्या जाळीत जाऊन अडकतो. ज्या जोडात रबरी वॉशर बसतो, म्हणजे लवचीक नळीचा नट वगैरे, तिथे टेप लावायची गरज नाही. तिथे पाणी अडवतो तो वॉशर, आटे नव्हेत.

---

उलटतपासणी

हे सगळं वाचायला गोड आहे. पण फोटो काढून ऑनलाइन शोधलं तर हेच घरबसल्या मिळतं, मापं लिहिलेली असतात, आवडलं नाही तर परत. छोट्या दुकानात धूळ खात पडलेला माल गळ्यात मारतात हेही लिहा ना. की इथे फक्त आरत्याच ओवाळायच्या?

---

काटाकोर

@उलटतपासणी, आरती नको, कबूल. पण फोटोत माप नसतं. एम५ चा (मिमीच्या मापाचा, ५ मिमी जाड) स्क्रू आणि इंची दहा नंबर बारीक आट्यांचा स्क्रू फोटोत जुळे भाऊ दिसतात. एकाची जाडी ५ मिमी, दुसऱ्याची ४.८३. आट्यांचं अंतर एकाचं ०.८, दुसऱ्याचं ०.७९. इंची स्क्रू एम५ च्या भोकात सैलसर जातो, बसल्यासारखा वाटतो आणि भार आला की आटे खातो. एम६ चा बोल्ट पाव इंची नटात घातला तर पहिले फेरे सरळ जातात आणि मग जाम होतो. कॅमेऱ्याच्या तिपाईचा स्क्रू पाव इंची, इंचाला वीस आटे असतो. तिथे लोक एम६ जबरदस्तीने पिळतात आणि कॅमेऱ्याचं बूड खराब करतात.

काउंटरवर याचा निकाल दहा सेकंदांत लागतो. दुकानदार खात्रीचा नट घेऊन हाताने फिरवतो. बोटांनी शेवटपर्यंत गेला आणि हलवल्यावर डुगडुगला नाही तर माप बरोबर. पान्याची गरज पडली तर चूक. दुसरी युक्ती: ओळखीचा स्क्रू आणि अनोळखी स्क्रू आट्यांत आटे घालून शेजारी धरायचे आणि उजेडाकडे बघायचं. मधून फट दिसली तर आटे वेगळे. घरी तपासायचं तर दहा आट्यांचं अंतर पट्टीने मोजा: एम४ ला ७ मिमी, एम५ ला ८, एम६ ला १०, एम८ ला १२.५.

लांबी सांगतानाही घोळ होतो. ज्याचं डोकं लाकडात सपाट बुडतं त्याची लांबी डोक्यासकट मोजतात. ज्याचं डोकं वर राहतं त्याची डोक्याखालून. 'पंचवीसचा द्या' म्हणताना कोणता ते सांगा.

जाता जाता, अधिकच्या खुणेच्या डोक्यातही दोन जाती. चार फाट्यांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या तर तो पॉझिड्राइव्ह. त्यात साधा फिलिप्स पेचकस घातला की घसरतो, डोकं गोल होतं आणि स्क्रू कायमचा आत. (धागाकर्त्याचं नाव बघता हे त्यांनीच लिहायला हवं होतं.)

---

पेचकस

मान्य, राहून गेलं ते :)

@उलटतपासणी, पडून राहिलेल्या मालाचा मुद्दा रास्त आहे. जिथे माल हळू खपतो तिथे हे होणारच, आणि ते दरवेळी लबाडीने होतं असंही नाही. घेताना बघायचं काय, ते लिहितो.

रबर: वॉशर दुमडून बघा. दुमडीवर बारीक तडे दिसले किंवा तो लाकडासारखा कडक लागला तर परत द्या.

झटपट चिकटणारा गोंद: बाटली तिरपी करा. पाण्यासारखा वाहायला हवा. मधासारखा संथ सरकला आणि तो मुळात 'जेल' प्रकारातला नसेल तर हवेतल्या दमटपणाने आतच जमू लागलाय.

प्लास्टिक पाइपाचं सॉल्व्हंट (पाइप जोडायचा गोंद): डबा हलवून आवाज ऐका. गुठळी किंवा जेलीसारखं झालं असेल तर त्यात थिनर घालून 'चालवून' घेऊ नका. जोड सुटतो तो पाण्याचा दाब आल्यावरच.

सिमेंट सुटं घेताना मूठभर हातात दाबा. बोटांनी चुरली न जाणारी ढेकळं लागली तर ओल लागलेली आहे. दमट हवेत तीन महिन्यांत त्याची ताकद बरीच उतरते.

मास्किंग टेप: टोक ओढून बघा. उभी फाटत गेली तर जुनी. असली टेप भिंतीवरून निघताना गोंद मागे ठेवते.

याउलट नट-बोल्ट, बिजागऱ्या, पितळी कड्या यांना वय नसतं. उलट पडून राहिलेला माल हेच तिथलं भांडवल. कंपनीने बंद केलेली मूठ, जुन्या मापाची बिजागरी मिळाली तर ती मागच्या फळीवरच मिळते. म्हणून 'नाही' असं उत्तर आलं तर लगेच निघू नका. 'जुन्या मालात बघता का?' एवढं विचारा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

---

सुईदोरा

आमच्या खात्यातलं लिहिते. बटणं, चेन, दोरे विकणारं दुकान म्हणजे भिंतभर खण, प्रत्येक खणावर बाहेरून एक नमुना बांधलेला. त्या खणांसमोर उभं राहणं हाच निम्मा आनंद. असो, माहिती.

चेन. बॅगेची किंवा जाकिटाची चेन लावली तरी मागून उघडत जाते, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. अशा वेळी दहातले नऊ जण अख्खी चेन बदलायला निघतात. दात शाबूत असतील तर दोष रनरचा, म्हणजे दातांवरून सरकणाऱ्या तुकड्याचा असतो. त्याचे जबडे झिजून फाकलेले असतात, त्यामुळे दात एकमेकांत पुरते दाबले जात नाहीत. रनरच्या मागच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या हाताने, एकदा डावी एकदा उजवी अशा दाबल्या तर काही महिने निघतात. जास्त दाबलं तर तुटतो, कारण तो ओतीव धातूचा असतो, वाकत नाही. कायमचा उपाय म्हणजे नवा रनर.

रनर मागताना दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, नंबर: रनरच्या पाठीवर ३, ५, ८, १० असा आकडा कोरलेला असतो. तो ढोबळमानाने बंद दातांची रुंदी मिमीमध्ये. दुसरी, दातांची जात: नायलॉनच्या वेटोळ्याची, साच्यातल्या प्लास्टिक दातांची की धातूची. पाच नंबरचे तीनही रनर वेगवेगळे असतात आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. वस्तूच दुकानात नेली तर प्रश्नच मिटतो. तिथल्या तिथे घालून बघतात.

पूर्ण उघडणाऱ्या जाकिटाच्या चेनला रनर वरून घालायचा. ज्या बाजूला खाली खोबणीची पेटी आहे त्या बाजूचा वरचा अडसर पकडीने काढा, रनरची दोन तोंडांची बाजू वर ठेवून सरकवा, मग अडसर परत दाबून बसवा. नवीन अडसर सुटे मिळतात, दोन जास्तीचे घ्या. जुना काढताना वेडावाकडा होतोच. खालच्या खुंटीजवळची पट्टी फाटली असेल तर मात्र रनर बदलून उपयोग नाही, अख्खी चेन घ्या.

नव्या चेनची लांबी वरच्या अडसरापासून खालच्यापर्यंत मोजायची, पुढची मोकळी पट्टी धरायची नाही. नेमकी नाही मिळाली तर लांब घ्या. वेटोळ्याची चेन खाली हव्या त्या जागी जाड टाके घालून आखूड होते. धातूची आखूड करायची तर दात उपटावे लागतात, ते काम दुकानातच करून घेतलेलं बरं.

बटणं. बटणाचं माप 'लाइन'मध्ये असतं, ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचं पुढचं बटण बहुतेक १८ लाइन, म्हणजे साडेअकरा मिमीच्या आसपास. कॉलरचं त्याहून लहान, १४ किंवा १६. कोटाचं पुढचं ३२, बाहीचं २४. पण नुसता व्यास जुळवून भागत नाही, जाडीही बघा. काजाची लांबी व्यास आणि जाडी मिळून ठरते. त्याच व्यासाचं जाड बटण जुन्या काजातून जात नाही, आणि पातळ घेतलं तर आपोआप सुटतं. कपडा घेऊन जा आणि काउंटरवर काजातून घालून बघा. रंग जुळतो पण भोकं चारऐवजी दोन, हाही फरक अंगावर उठून दिसतो.

दोरा. रीळ कपड्यावर ठेवून रंग ठरवू नका. वीतभर दोरा सोडवून एकेरी पदर कपड्यावर आडवा टाका, आणि दाराशी उजेडात या. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक उजेडात ती सारखी वागत नाहीत. हुबेहूब छटा नसेल तर किंचित गडद घ्या. रिळावर दाट दिसणारा रंग एकेरी टाक्यात फिका पडतो.

मशीनची सुई. ९०/१४ मधला ९० म्हणजे दांड्याची जाडी ०.९ मिमी. १४ हे तेच माप जुन्या पद्धतीने. पातळ कापडाला ७०/१०, जीन्सला १००/१६. घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूने सपाट असते, कारखान्याच्या मशीनची गोल. नुसतं 'चौदा नंबर' मागितलं तर दुसरीच हातात पडू शकते. आणि सुई सुटी घेता येते हे लक्षात ठेवा. पाकीटच घ्यायला हवं असं काही नाही.

---

टिकटिक

सुईदोरा, रनरचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. दंडवत.

घड्याळाच्या सेलबद्दल. सेकंदकाटा एकदम दोन किंवा चार सेकंदांची उडी मारू लागला तर घड्याळ बिघडलेलं नसतं. बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आल्याची ती मुद्दाम केलेली सूचना असते. तेव्हाच बदला. संपलेला सेल आत राहिला तर पाझरतो आणि आतली यंत्रणा खातो.

एकाच आकारात दोन जाती असतात. एलआर४४ आणि एसआर४४ दोन्ही ११.६ मिमी व्यास, ५.४ मिमी जाडी. एलआर अल्कलाइन, १.५ व्होल्ट. एसआर सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट, आणि त्याचा दाब शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो. खेळण्यात एलआर चालतो. मनगटी घड्याळाला एसआरच मागा, कारण अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरतो आणि तो पाझरतोही लवकर. लहान घड्याळांत सर्रास सापडणारा म्हणजे ३७७, त्याचंच दुसरं नाव एसआर६२६एसडब्ल्यू, ६.८ बाय २.६ मिमी. जुन्या सेलवर यातलं कुठलंही नाव असू शकतं, दुकानदाराकडे जुळवणीचा तक्ता असतो.

सीआर२०३२ या लिथियम सेलमध्ये तर माप नावातच आहे: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. सीआर२०२५ म्हणजे २.५ मिमी. पातळ सेल जाड जागी घातला तर संपर्क कधी होतो, कधी नाही, आणि लोक रिमोटला शिव्या देतात.

काउंटरवर दोन गोष्टींवर नजर ठेवा. सेल धातूच्या चिमट्याने दोन्ही तोंडांना धरला तर शॉर्ट होतो. चिमटा प्लास्टिकचा हवा, किंवा कडेने धरावा. आणि मागचं झाकण लावण्याआधी रबरी कडी बघितली जाते का ते पाहा. ती चपटी किंवा तुटकी असेल तर घड्याळ पाण्याला टिकत नाही, झाकणावर काहीही लिहिलेलं असो.

जुना सेल तिथेच द्या. घरी आणायचाच तर दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. वीस मिमीचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं, 'संपलेला' असला तरी. थेट रुग्णालयात न्यायचं, वाट बघायची नाही.

पट्टा घेताना घड्याळाच्या दोन शिंगांमधलं अंतर मोजा, पट्ट्याची रुंदी नव्हे. जुना पट्टा वापरून आक्रसलेला असतो.

---

शाईपेन

स्टेशनरीचं थोडक्यात.

ए४ चे सोळा कागद म्हणजे एक चौरस मीटर. त्यामुळे ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो आणि ५०० चा गठ्ठा अडीच किलो. गठ्ठा काट्यावर ठेवायला सांगा. वेष्टणासकट २.२ किलोच्या आसपास भरला तर वर काहीही छापलेलं असो, आत ७० आहे.

रिफिलचं नाव आठवत नसेल तर जुनी न्या. बारीक धातूची ६७ मिमीची ती डी१, जाडसर ९८ मिमीची ती जी२. बाकी सगळं आपापल्या कंपनीचं. नवी रिफिल घेताना तिथेच रेघोट्या ओढून बघा. गोल गोल काढू नका, आठचा आकडा काढा. त्यात गोळी सगळ्या बाजूंनी फिरते आणि कुठे अडते ते कळतं. पेनसुद्धा घेऊन जा. लांबी जुळूनही स्प्रिंगची खाच जुळत नाही असं होतं.

सुट्या कार्डशीटच्या कडा मोजून घ्या, कोपरे दुमडलेले असतात. बस्स.

---

मागचं पान

अवांतर, पण विषयाला धरून. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलायचा ही पद्धत तशी अलीकडची. क्लॅरेन्स साँडर्सने ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेत मेम्फिसला 'पिगली विगली' हे दुकान उघडलं, तिथपासून ती फोफावली. त्याआधी यादी काउंटरवर द्यायची आणि आतला माणूस माल काढून द्यायचा. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमनने ढकलगाडी आणली, म्हणजे हाताला पेलतं त्याहून जास्त घेता यावं. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली, च्युइंगमचं पाकीट. तेव्हापासून गल्ल्यावरच्या माणसाला वस्तूचं नावही ठाऊक असायची गरज उरली नाही.

या तिन्ही बदलांत खर्च वाचला हे खरं. पण शोधण्याचं काम दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे सरकलं. वर पेचकस आणि सुईदोरा यांनी लिहिलंय ते सगळं ज्ञान पूर्वी काउंटरच्या पलीकडे असायचं. आता ते आपल्याला धाग्यात लिहून ठेवावं लागतंय. म्हणून ज्या दुकानात काउंटर अजून आहे तिथे रांगेत पाच मिनिटं उभं राहणं मला तरी स्वस्त वाटतं.

---

निवांत

मागचं पान, छान प्रतिसाद. पण काउंटरपलीकडचं ज्ञान मिळवायची वेळही साधावी लागते. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका, तेव्हा माल लावणं चाललेलं असतं आणि कारागीर लोक दिवसभराचं सामान न्यायला आलेले असतात. त्यांची घाई खरी असते, त्यांना पुढे जाऊ द्या. दुपारच्या जेवणानंतरचा तास-दीड तास उत्तम. तेव्हा तुमच्या एका वॉशरसाठी चार डबे उघडले जातात.

वस्तूचं नाव येत नसेल तर काम सांगा. 'हे इथे लटकवायचंय, वजन एवढं, भिंत पोकळ विटेची.' चुकीचं नाव ठामपणे सांगितलं तर ठामपणे चुकीची वस्तू मिळते. आणि परत करायची शक्यता वाटत असेल तर आधीच विचारा, पाकीट फाडल्यावर नाही. सुटे पैसे जवळ ठेवा, एका स्क्रूसाठी मोठी नोट मोडायला लावू नका.

आता आपुलकीबद्दल. पेचकस यांनी ती पहिल्याच परिच्छेदात दाराबाहेर ठेवली, पण अभ्यासकांनी तिची दखल घेतली आहे. गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ मधल्या शोधनिबंधात कॉफीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचे दोन गट होते. एकाने काउंटरवरच्या माणसाशी नजर मिळवून, हसून चार शब्द बोलायचं, दुसऱ्याने कामापुरतं बोलून निघायचं. बोलणाऱ्यांना नंतर अधिक प्रसन्न वाटलं. म्हणजे मैत्री वगैरे व्हायची गरज नाही, दोन वाक्यं पुरतात.

---

उलटतपासणी

बरं. रबर दुमडून बघणं आणि कागदाचा गठ्ठा तोलणं, या दोन गोष्टींसाठी धाग्याला माफ केलं. :ड

बल्बचं कुणीच लिहिलं नाही. ओळीत पाच दिवे, एक गेला, नवा आणला तर तो एकटाच निळसर. असं का होतं?

---

काटाकोर

रंगछटेचा आकडा जुळला नाही म्हणून. बल्बच्या बुडावर केल्व्हिन लिहिलेले असतात: २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढरा-निळसर. 'वॉर्म' आणि 'कूल' या शब्दांवर जाऊ नका, कंपनीगणिक बदलतात. जुना बल्ब न्या आणि दुकानदाराच्या तपासणी-होल्डरमध्ये दोन्ही आलटूनपालटून लावून बघा. जुना पेटतच नसेल तर ओळीतला पेटणारा एक काढून न्या.

टोपीचं माप: दोन खुंट्यांची बी२२, आट्यांची ई२७, लहान आट्यांची ई१४. आकडा म्हणजे व्यास मिमीमध्ये. उजेड वॅटवर नाही, ल्यूमेनवर (उजेडाच्या मापावर) ठरवा. जुन्या साठ वॅटच्या तारेच्या बल्बाइतका उजेड म्हणजे ८०० ल्यूमेनच्या आसपास. पूर्ण बंद काचेच्या हंडीत लावणार असाल तर ते आधी सांगा. उष्णता बाहेर पडत नाही आणि एलईडीच्या आतलं सर्किट लवकर जातं.

---

नवखा

वाचनमात्र होतो, एक शंका. कपाटाच्या ड्रॉवरची मूठ बदलायची आहे. नवीन मूठ लावली तर स्क्रू पूर्ण आवळूनही हलते. स्क्रू बदलून आणायचा की मूठ?

---

पेचकस

स्क्रू. मुठीचा स्क्रू बहुतेक एम४ असतो आणि तुमचा लांब पडतोय. तो मुठीतल्या भोकाच्या तळाला टेकतो, त्यामुळे आवळल्यासारखा लागतो पण फळीवर दाब येत नाही. अजून जोर लावू नका, मुठीतले आटे जातील.

फळीची जाडी अधिक सहा ते आठ मिमी, एवढा स्क्रू हवा. १८ मिमी फळीला २५ चा. ड्रॉवरला पुढून वेगळी शोभेची फळी लावलेली असेल तर दोन्हींची जाडी मिळून मोजा, तिथे ४० चा लागू शकतो. मधलं माप दुकानात नसेल तर लांबच घ्या आणि मागून डोक्याखाली एक-दोन चपटे वॉशर घाला.

मूठही बदलायचं ठरलं तर दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून न्या. बहुतेक ते ३२ च्या पटीत निघतं, ९६, १२८ किंवा १६०. ९५ किंवा ९७ आलं तर पट्टी पुन्हा लावा.